स्पायडरमॅनचे पहिले ३८ अंक, आईला वाचून दाखवलेले

आधीच सांगते, मी कॉमिक्स गोळा करणाऱ्यांपैकी नाही. लहानपणी मामाकडे इंद्रजालचे जुने अंक होते, वेताळाचे, ते मे महिन्याच्या सुट्टीत पंख्याखाली लोळत वाचले होते तेवढंच. वेताळ आवडायचा, पण त्याचं सगळं जंगलात, कवटीची गुहा, घोडा, लांडगा, ना भाडं ना साहेब. त्यामुळे सुपरहिरो म्हणजे असा मोकळा माणूस असंच डोक्यात बसलेलं, आणि स्पायडरमॅन म्हटलं की सिनेमातली उडी आणि पोरांच्या दप्तरावरचं चित्र, याच्या पलीकडे मी कधी गेलेच नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आई चाळीच्या जिन्यात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आम्ही बारा दिवस वॉर्डात होतो. मी परळला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शिफ्टची ड्युटी, त्यामुळे सकाळची शिफ्ट संपली की थेट आईकडे आणि रात्री भाऊ यायचा तेव्हा मी घरी, असं चाललेलं. आईला झोप लागेना, टीव्ही नाही, मोबाईलच्या स्क्रीनने तिचे डोळे दुखतात. तर एका दुपारी माटुंग्याला काम होतं म्हणून किंग्ज सर्कलला उतरले आणि तिथल्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे हे जाडजूड रंगीत पुस्तक दिसलं. मोठी चित्रं आहेत, आईला बरं वाटेल, एवढाच विचार करून घेतलं. ९०० रुपयांना दिलं त्याने, सेकंडहँड, पण बांधणी घट्ट होती आणि एकही पान सुटलेलं नव्हतं.

पुस्तक म्हणजे मार्व्हलच्या एपिक कलेक्शनमधला स्पायडरमॅनचा पहिला खंड, ग्रेट पॉवर नावाचा. यात १९६२ च्या ऑगस्टमधली अमेझिंग फँटसीच्या १५ व्या अंकातली पहिली गोष्ट आहे आणि मग १९६३ मध्ये सुरू झालेल्या स्वतंत्र मासिकाचे १ ते १७ अंक आणि पहिला वार्षिक. दुसरा खंड, ग्रेट रिस्पॉन्सिबिलिटी, १८ ते ३८ अंकांचा, तो मी नंतर ऑनलाइन मागवला, त्याला नवीनचे पूर्ण पैसे पडले आणि वर कोपरा दुमडलेला आला, पण आतली छपाई एकदम स्वच्छ. सगळ्या गोष्टी स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीच्या. लीने संवाद लिहिले आणि चित्रं डिटकोची, आणि २५ व्या अंकापासून तर कथानकाचं श्रेयही डिटकोच्या नावावर छापलेलं आहे. ३८ व्या अंकानंतर तो सोडून गेला. म्हणजे हे दोन खंड घेतले की त्या जोडीचं महिन्याच्या महिन्याला निघालेलं सगळं काम हातात येतं.

आईला इंग्रजी येत नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसून पुस्तक तिच्या पोटावरच्या उशीला टेकवून धरायचे, एकेका चौकटीवर बोट ठेवायचे आणि मराठीत सांगायचे. असं वाचलं म्हणूनच मला हे पुस्तक कळलं असं मला वाटतं, कारण एकटीने वाचलं असतं तर मारामारीची पानं भराभर उलटली असती आणि बाकीचं डोळ्याखालून गेलं असतं. आईने मला थांबवलं. तिला पहिल्या गोष्टीतच मे काकू आवडली. हो, मी आँट मेला काकूच म्हटलं, मावशी नाही, कारण बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, मग त्याची बायको काकूच झाली ना.

पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत असते, कोळी चावतो, शक्ती येते, पीटर पार्कर ती पैशासाठी वापरतो, एका चोराला पळून जाताना अडवत नाही आणि तोच चोर नंतर त्याच्या बेन काकाला मारतो. अवघी ११ पानं आहेत. आणि ते शक्ती आणि जबाबदारीचं वाक्य, जे सगळे बेन काकाच्या तोंडी घालतात, ते इथे काका बोलतच नाही, ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे, पीटर पाठमोरा रस्त्याने चालत निघालाय आणि वर ती ओळ. मला हे जास्त बरोबर वाटलं. काकाने आधी शिकवण दिली असती आणि पोराने ती ऐकली नसती, तर ती वाया गेलेल्या उपदेशाची गोष्ट झाली असती. इथे कुणी सांगितलेलंच नाही, त्याला स्वतःला कळलंय आणि तेही उशिरा.

पण मी अडकले ते मासिकाच्या पहिल्या अंकात. काका गेलाय, घरात कमावणारं कुणी नाही, भाडं थकलंय. पीटर स्पायडरमॅन म्हणून स्टेजवर कार्यक्रम करतो, त्याला चेक मिळतो, चेक स्पायडरमॅनच्या नावाचा, आणि बँकेतला माणूस विचारतो की तूच स्पायडरमॅन कशावरून, ओळखपत्र दाखव. भिंतीवर चढू शकणाऱ्या पोराला चेक वटवता येत नाही. आणि इकडे काकू त्याला न सांगता आपले दागिने गहाण टाकायला जाते. ही चौकट मी आईला सांगितली आणि ती काहीच बोलली नाही, नुसती चित्राकडे बघत राहिली, मग म्हणाली, "पाटल्या असतील." माझ्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या कोर्सच्या, फीसाठी तिने पाटल्या ठेवल्या होत्या सराफाकडे, मला ते दोन वर्षांनी कळलं होतं, सोडवून आणल्यावर. तेव्हापासून आमच्या घरात तो विषय निघाला नव्हता. एका १९६३ च्या अमेरिकन कॉमिकमुळे निघाला, लालबागच्या दोन बायकांमध्ये, वॉर्डात, दुपारी तीन वाजता.

तर लोक या कॉमिकबद्दल बोलताना नेहमी म्हणतात की यात व्हिलनशी लढाई आणि खासगी आयुष्य यांचा छान बॅलन्स आहे. मला दोन्ही खंड वाचून तो शब्दच चुकीचा वाटायला लागलाय. बॅलन्स म्हणजे तराजूची दोन पारडी, इकडे थोडं तिकडे थोडं, चार पानं घर आणि दहा पानं मारामारी. इथे तसं नाहीये. इथे एकच पोरगा आहे, एकच शरीर आणि दिवसाचे तेच तास, आणि जे लढाईत खर्च झालं ते घरासाठी उरत नाही, आणि घरी जे लागतं त्यासाठीच तो लढाईत पडतो. दुसऱ्या अंकात तो व्हल्चर नावाच्या, पंख लावून उडणाऱ्या चोराच्या मागे का जातो? कारण त्याचे फोटो कुणाला मिळत नाहीयेत आणि मासिकवाला जेमसन त्यासाठी पैसे मोजेल म्हणून. जातो, मार खातो, फोटो काढतो, विकतो आणि वर्षभराचं भाडं एकदम भरून टाकतो. आई इथे हसली, पहिल्यांदा, ऑपरेशननंतर.

चौथ्या अंकात सँडमॅनशी लढताना त्याचा मुखवटा फाटतो, तर तो लढाई सोडून घरी जाऊन सुईदोऱ्याने शिवत बसतो, कारण दुसरं कोण शिवून देणार, शिंप्याकडे तर नेता येत नाही. बाराव्या अंकात त्याला ताप आहे, अंगात त्राण नाही, आणि तसाच डॉक्टर ऑक्टोपससमोर जातो, ऑक्टोपस सगळ्यांसमोर त्याचा मुखवटा ओढून काढतो आणि कुणाचा विश्वासच बसत नाही की हा खरा स्पायडरमॅन, सगळ्यांना वाटतं की बेटीला, म्हणजे जेमसनच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीला, पीटरच्या मैत्रिणीला, वाचवायला पीटरने वेड्यासारखा तो ड्रेस घातला असेल. ताप अंगावर काढून ड्युटीला गेलेल्या माणसालाच हा अंक पूर्ण कळेल.

जेमसनबद्दल लिहायलाच हवं. डेली ब्यूगलचा मालक, तोंडात सिगार, पीटरकडून स्पायडरमॅनचे फोटो विकत घेतो आणि त्याच फोटोंवर स्पायडरमॅन किती धोकादायक आहे ते छापतो. म्हणजे हा पोरगा स्वतःची बदनामी होणार हे माहीत असून त्यासाठी लागणारा माल स्वतःच पुरवतो, कारण घरी औषधं आणायचीत. आणि रेट कमी देतो तो, घासाघीस करतो. फ्रीलान्स काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हे दाखवलं तर ती म्हणाली की हा सगळ्यात भीतीदायक व्हिलन आहे पुस्तकातला. मला जेमसन नुसता वाईट वाटत नाही, डिटकोने त्याला एकटा असताना वेगळा काढलाय, खांदे पडलेले, पण पीटरच्या बाजूने बघितलं तर हा माणूस कुठल्याही ऑक्टोपसपेक्षा जास्त वेळा समोर येतो आणि याला ठोसा मारता येत नाही.

१७ आणि १८ हे दोन अंक सलग वाचा, मध्ये थांबू नका, पंचाईत एवढीच की ते दोन वेगवेगळ्या खंडांत आलेत, पहिला खंड १७ वर संपतो. १७ व्या अंकात भर कार्यक्रमात ग्रीन गॉब्लिनशी लढाई चालू असताना त्याला कळतं की काकूला हार्ट अटॅक आलाय आणि तो सगळं टाकून निघून जातो. लोकांना काय दिसतं, तर स्पायडरमॅन घाबरून पळाला. आणि १८ व्या अंकात तर तो सँडमॅन समोर आला तरी लढतच नाही, मुद्दाम पळतो, कारण मला काही झालं तर काकूकडे कोण बघणार. अख्खा अंक तो भित्रा म्हणून ऐकून घेतो. याच अंकात तो आपलं जाळं विकायला एका चिकटद्रव्याच्या कंपनीत जातो, त्यांना खूप आवडतं, मग ते विचारतात की टिकतं किती, तर तासाभरात विरघळतं म्हटल्यावर ते नाही म्हणतात. केवढी हुशारी अंगात, स्वतः घरी बसून बनवलेलं रसायन, आणि बाजारात त्याला किंमत नाही. सुपरहिरोच्या कॉमिकचा एक पूर्ण महिन्याचा अंक, ज्यात हिरो एकही लढाई जिंकत नाही, औषधाच्या पैशांसाठी फिरत राहतो. १९६४ साली हे छापायला धाडस लागलं असणार.

आता ज्या अंकांसाठी मी हे सगळं लिहायला बसले ते म्हणजे ३१, ३२ आणि ३३, डिसेंबर १९६५ ते फेब्रुवारी १९६६. पण ते वाचायच्या आधी १० वा अंक नीट वाचा. दहाव्यात काकूचं ऑपरेशन आहे आणि पीटर तिला रक्त देतो. तिथे ते दोन मिनिटांत उरकतं, कुणाच्या लक्षातही राहणार नाही. मी मात्र थांबले होते, कारण त्याच आठवड्यात आईसाठी दोन पिशव्या चढल्या होत्या आणि बदली म्हणून मी स्वतः एक बाटली देऊन आले होते ब्लड बँकेत. आणि माझं कामच ते, सॅम्पल, ग्रुप, क्रॉसमॅच, म्हणजे दिलेलं रक्त पेशंटला चालेल का ते बघणं. माझ्या मनात लगेच आलं की याच्या रक्तात तर रेडिओअॅक्टिव्ह कोळ्याचं काहीतरी आहे, ते काकूला कसं चालेल. आणि पुढे वीस अंक कुणी ते नावही काढत नाही. मग ३१ व्यात काकू कोसळते आणि कळतं की तेच रक्त तिला आतून मारतंय. २१ महिने गेले होते मधे, मूळ मासिक घेणाऱ्या वाचकांसाठी. खरं तर दिलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त १२० दिवस जगतात, म्हणजे लॅबच्या हिशोबाने हे जमत नाही, पण त्या रेडिओअॅक्टिव्ह अंशाने काय केलं असेल ते कुणी सांगावं, आणि मला ते खटकलंही नाही. मला हललं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रेमाने दिलेली वस्तूच विष झाली आणि ती देताना त्याला माहीतही नव्हतं. माणसाला रक्त देणाऱ्या कुणाच्याही पोटात ही भीती असते, आम्ही रोज ट्यूबा हलवतो त्या याच भीतीपोटी.

३१ व्याच अंकात पीटरचा कॉलेजचा पहिला दिवस आहे, ग्वेन स्टेसी आणि हॅरी ऑसबॉर्न दोघंही इथेच पहिल्यांदा येतात. ती त्याच्याशी बोलायला बघतात आणि पीटरच्या डोक्यात काकू, त्याला ऐकूच येत नाही, तो सरळ पुढे निघून जातो, आणि सगळ्यांचं ठरतं की हा शिष्ट आहे. आई चिडली इथे. "ती पोरगी त्याला एकदा विचारत का नाही, बाबा तुझ्या घरी काय झालंय?" मला उत्तर नव्हतं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमध्ये एका नवीन मुलीशी धड बोलले नव्हते, तिने नंतर दुसऱ्या कुणाजवळ तरी म्हटलं की ताई जरा खडूस आहेत. मी तिला आजपर्यंत काही सांगितलेलं नाही.

काकूला वाचवायला एक औषध लागतं, आयएसओ-३६ नावाचं, डॉक्टर कॉनर्स नावाचा शास्त्रज्ञ ते मागवतो आणि ते वाटेत मास्टर प्लॅनर नावाच्या व्हिलनची माणसं पळवतात, तो प्लॅनर म्हणजे आपला ऑक्टोपसच. इथे घर आणि लढाई यांच्यातली शेवटची भिंतही पडते. ऑक्टोपसला काकूशी काही देणंघेणं नाही, त्याला त्याच्या प्रयोगासाठी औषध हवंय. पीटरला जग वाचवायचं नाहीये, त्याला एक बाटली हवीय. दोघं पाण्याखालच्या अड्ड्यात लढतात, छत कोसळतं आणि ३२ वा अंक संपतो तेव्हा पीटर एका राक्षसी मशीनखाली दबलेला आहे, पाणी गळतंय आणि औषधाचा डबा समोर जमिनीवर, हात पोचणार नाही एवढ्याच अंतरावर.

३३ व्या अंकाची पहिली पाच पानं. मी ती आईला सांगितलीच नाहीत. म्हणजे सांगायला तोंड उघडलं आणि आईने हाताने गप्प केलं, ती स्वतः बघत होती. डिटकोने काय केलंय, तर सुरुवातीला छोट्या छोट्या चौकटी, दाटीवाटीने, माणूस त्यात कोंबलेला, मशीनच जास्त दिसतंय. तो एकदा जोर लावतो, जमत नाही. डोकं टेकतो. काका आठवतो, काकू आठवते. पुन्हा. पाणी वाढतंय. आणि पान उलटेल तशी चौकट मोठी होत जाते, मशीन इंचाइंचाने वर सरकतं आणि पाचव्या पानावर एकच चित्र, पूर्ण पान, त्याने ते वर उचललंय. कुणाला ठोसा मारलेला नाही, समोर व्हिलनही नाही. या ३८ अंकांतली सगळ्यात मोठी लढाई एका पोराची लोखंडाशी आहे, आणि ती कशासाठी, तर हॉस्पिटलमध्ये वेळेत पोचायला. आईने मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं. तीनदा. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्यांदा वॉकरवर उभं करणार होते. याचा त्याच्याशी संबंध जोडून मी उगाच मोठं काही म्हणत नाही, तिला दुखायचं ते दुखलंच, ती ओरडलीही.

आणि उचलून संपत नाही, हे महत्त्वाचं. पाय दुखावलाय, वरून पाणी कोसळतं, बाहेर प्लॅनरची माणसं उभी आहेत, त्यांच्याशी तो जवळजवळ शुद्ध नसल्यासारखा लढतो, मग कॉनर्सच्या लॅबमध्ये जाऊन औषध तपासून घेतो, माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही चौकट मला फार आवडली, जीव जात असला तरी टेस्ट केल्याशिवाय औषध द्यायचं नाही. मग हॉस्पिटल. मग वाट बघत न बसता ब्यूगलमध्ये जाऊन फोटो विकतो आणि या वेळी जेमसनकडून दाबून भाव घेतो. तिथे त्याचा सुजलेला चेहरा बेटी बघते आणि तिला कळून चुकतं की अशा धोक्यात जगणाऱ्या माणसासोबत तिला राहता येणार नाही. म्हणजे ज्या दिवशी काकू वाचली त्याच दिवशी बेटी गेली. गोष्ट यावर एक ओळही जास्त रडत नाही. तो काकूकडे परत जातो, ती झोपलेली आहे, बरी आहे, आणि तो घरी निघतो.

चित्रांबद्दल एक गोष्ट आईनेच दाखवली. काही चौकटींत पीटरचा अर्धा चेहरा साधा आणि अर्धा मुखवट्याचा काढलेला असतो. मला तो नुसता डिझाईनचा प्रकार वाटला होता. आई म्हणाली, हा घरी बसलाय पण मन तिकडे आहे ना, म्हणून. आणि डिटकोचे हात बघा, बोटं वाकडी, ताणलेली, कुणाचेच हात स्वस्थ नाहीत. पीटर देखणा नाही, चष्मा, बारीक खांदे, काकू खरोखर म्हातारी, गालफडं बसलेली. ३९ व्या अंकापासून जॉन रोमिटा आला आणि पोरंपोरी एकदम सुंदर झाली, ती चित्रं मी थोडी पाहिलीत, छान आहेत, पण भाडं थकलेल्या घरातली माणसं ती वाटत नाहीत.

आता खटकलेलं. एक म्हणजे शब्द फार. स्टॅन लीला चौकट मोकळी सोडवतच नाही, जे चित्रात दिसतंय तेच वर लिहिलेलं, पुन्हा फुग्यात तेच, आणि अंकाच्या तोंडावर आमचा हा अंक किती महान आहे याची जाहिरात. मराठीत सांगताना मी अर्धं गाळायचे आणि गोष्टीचं काही अडत नव्हतं. पण पीटरची स्वतःशी चाललेली बडबड गाळू नका, लढताना तो विनोद करतो आणि घरी आला की गप्प होतो, ते लीचंच काम आहे आणि ते पक्कं आहे.

दुसरं म्हणजे बायका. बेटी आणि पीटरच्या शाळेतली लिझ एकमेकींवर जळतात, बराच काळ त्यांना दुसरं कामच दिलेलं नाही. काकू तर इतकी नाजूक की पीटर सर्दीलाही घाबरतो तिच्या. आईला हे पटलं नाही, ती म्हणाली, नवरा गेल्यावर घर चालवलं तिने, एवढी काचेची कशी असेल. खरं आहे. १८ व्या अंकाच्या शेवटी आजारातून उठलेली काकूच पीटरला हिंमत देते आणि पहिल्या वार्षिकात सहा व्हिलन एकत्र येतात, ऑक्टोपस काकूला आणि बेटीला पळवतो आणि काकूला तो इतका सभ्य गृहस्थ वाटतो की ती त्याच्याशी आरामात चहापाण्याच्या गप्पा मारावं तशी बोलते, अशा ठिकाणी ती माणूस वाटते. अजून अशी पानं हवी होती. आणि शेवटचे चार-पाच अंक उतरते आहेत, ३३ च्या उंचीवरून एकदम साधे व्हिलन, ओढून ताणून. ते एका बैठकीत उरकले.

मुंबईचा स्पायडरमॅनही आहे हे माहीत असेल तर विचाराल म्हणून लिहिते. २००४ मध्ये चार अंकांची मालिका आली होती, पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा, गावातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसलेला स्पायडरमॅन, चित्रं जीवन कांग यांची. मला भावाच्या मित्राकडून वाचायला मिळाली. चित्रं देखणी आहेत, मुंबई ओळखू येते. पण त्याला शक्ती योग्याकडून मिळते, समोर राक्षस येतात, चार अंकांत सगळं आटपायचं म्हणून घरच्या गोष्टींना जागाच उरत नाही. मला खरी मुंबई दिसली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या पोरात, पीटरमध्ये. उपनगरातून टाऊनला जायचं, कामाचे पैसे कमी, घरी आजारी माणूस, उशीर का झाला याचं रोज वेगळं कारण. आमच्या चाळीत असे तीन पीटर तरी आहेत, एकाच्याही अंगात कोळ्याची शक्ती नाही.

कुणी घ्यावं? सिनेमे बघून आलेल्यांनी घ्यावं, पण पहिल्या पाच-सहा अंकांत धीर ठेवून, कारण तेव्हा ली आणि डिटको दोघंही चाचपडत होते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना इंग्रजी जुनं वाटेल, शेजारी बसून सांगावं लागेल. पैसे कमी असतील तर दुसरा खंड आधी घ्या आणि १० व्या अंकाचं मी वर सांगितलंय ते लक्षात ठेवा. रंग नव्या कागदावर थोडे भडक वाटतात, सवय होते. नवीन घेताना कोपरे तपासून घ्या, आणि किंग्ज सर्कलला गेलात तर सकाळी जा, पावसात ते प्लास्टिक टाकून झाकतात आणि काही दिसत नाही.

आई आता काठीवर चालते, गॅलरीच्या टोकापर्यंत आणि परत. पुस्तकवाल्याला मी तिसऱ्या खंडाचं सांगून ठेवलंय, आला की फोन करतो म्हणालाय. आईची एकच अट आहे, आधी काकूचं काय झालं ते सांगायचं, मग मारामारी.